टक्के कशाचे? झेड/व्हीएमवर शेअरच्या फेरमांडणीच्या प्रकल्प नोंदी

६ फेब्रुवारी २०२३

काम आजपासून माझ्याकडे. क्लायंटच्या झेड१५ या आयबीएम मेनफ्रेमवरचा एक एलपार (मशीनचा वेगळा काढलेला भाग), त्यात झेड/व्हीएम हा हायपरव्हायजर आणि त्यावर लिनक्सचे पाच गेस्ट, म्हणजे पाच व्हर्च्युअल मशीन. तक्रार एका ओळीची: महिनाअखेरीचा रिपोर्ट रात्रीच्या ठरलेल्या वेळेत संपत नाही. रिपोर्टच्या गेस्टला डिसेंबरात दोनाचे चार व्हर्च्युअल सीपीयू करून दिले होते. त्यानंतर तो सुधारायच्या ऐवजी आणखी रेंगाळू लागला. आता मागणी आली आहे की चाराचे सहा करा.

सहा करून काय होईल याचा अंदाज आहे, पण अंदाजावर क्लायंटशी भांडता येत नाही. आधी आकडे.

शेअर म्हणजे गर्दीत प्रोसेसरवरचा हक्क: ॲब्सोल्यूट असेल तर एकूणाचे ठरावीक टक्के, रिलेटिव्ह असेल तर उरलेल्यातला प्रमाणशीर वाटा. मांडणी सापडली ती अशी. डीबीला २ व्हर्च्युअल सीपीयू आणि ॲब्सोल्यूट ४०%. ॲप१ आणि ॲप२ यांना प्रत्येकी २ सीपीयू, रिलेटिव्ह २००. रिपोर्टला ४ सीपीयू, रिलेटिव्ह १००. टेस्टला २ सीपीयू, रिलेटिव्ह १००. एलपारला लॉजिकल आयएफएल (लिनक्ससाठी राखलेले प्रोसेसर) ४, एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड) बंद.

रिलेटिव्ह १०० हा झेड/व्हीएमचा डिफॉल्ट. म्हणजे रिपोर्ट आणि टेस्ट या दोघांच्या शेअरकडे आजवर कुणी पाहिलेलंच नाही. ज्या कामासाठी रात्री फोन वाजतात ते काम आणि डेव्हलपर मंडळींचं खेळायचं मैदान, दोघांना सारखाच मान.

७ फेब्रुवारी

शेड्युलरची सेटिंग दाखवणाऱ्या ‘क्वेरी एसआरएम’ कमांडची नोंद काढून ठेवली. डिस्पॅचिंग मायनर टाइमस्लाइस ५ मिलिसेकंद, पोलरायझेशन व्हर्टिकल. कुणी काही छेडलेलं दिसत नाही, ही चांगली गोष्ट.

टीममध्ये नवीन आलेल्या मुलाला बरोबर घेतलं आहे. त्याची सगळी ओळख एक्स८६ आणि क्लाउडशी. त्याला शेड्युलर समजावताना माझीही उजळणी झाली, ती इथे लिहून ठेवते.

झेड/व्हीएमचा गाभा म्हणजे सीपी, अर्थात कंट्रोल प्रोग्राम. सीपीच्या दृष्टीने लिनक्स ही फक्त एक व्हर्च्युअल मशीन. आत किती प्रोसेस चालू आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो वेळ वाटतो ती व्हर्च्युअल सीपीयूंना. काम असलेला प्रत्येक व्हर्च्युअल सीपीयू डिस्पॅच लिस्टमध्ये असतो आणि तिथे त्याला एक डेडलाइन मिळते: या क्षणापर्यंत याला त्याचा पुढचा तुकडा मिळालेला असावा. डेडलाइन जितकी जवळ, तितका नंबर वर. तुकडा वापरून झाला की नवी डेडलाइन. ती किती पुढे ढकलायची हे शेअर ठरवतो. ढोबळ हिशेब असा की एका प्रोसेसरच्या निम्म्याचा हक्कदार असेल त्याला ५ मिलिसेकंदांच्या तुकड्यानंतर पुढची डेडलाइन १० मिलिसेकंदांवर मिळते आणि दहाव्या हिश्शाच्या हक्कदाराला ५० वर.

एवढंच. रांग डेडलाइनप्रमाणे लागते, आणि प्रोसेसर मोकळा असेल तर रांगच नसते. म्हणून गर्दी नसताना रिलेटिव्ह १ वाला गेस्टसुद्धा पोटभर खातो. लोक दुपारी दोन वाजता शेअर बदलून बघतात, काही फरक दिसत नाही, आणि मग ‘शेअरने काही होत नाही’ असं सांगत फिरतात.

९ फेब्रुवारी

कोण कुठल्या रांगेत आहे ते दाखवणारी ‘इंडिकेट क्यू एक्सपांडेड’ ही कमांड दिवसभर अधूनमधून मारत राहिले. पाचही गेस्ट कायम क्यू३ मध्ये. मुलाने विचारलं, “मॅडम, क्यू१, क्यू२ मग कुणासाठी ठेवलेत?”

त्यासाठी मागे जावं लागतं. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यात सीपी-४० तयार झालं, ते सिस्टिम/३६० मॉडेल ४० मध्ये बदल करून. मग मॉडेल ६७ साठी सीपी-६७ आणि २ ऑगस्ट १९७२ रोजी जाहीर झालेलं व्हीएम/३७०. त्या काळी एक व्हर्च्युअल मशीन म्हणजे टर्मिनलसमोर बसलेला एक माणूस. तो कमांड टाइप करणार, उत्तर येणार, मग डोकं खाजवत बसणार. त्याला ताटकळत ठेवायचं नाही आणि लांबलचक गणितं चालवणाऱ्यालाही उपाशी मारायचं नाही, हा तेव्हाचा प्रश्न. पिठाच्या गिरणीत पाव किलो भाजणी घेऊन आलेल्या बाईला वीस किलोच्या डब्याच्या मागे उभं करत नाहीत, तसं छोटं काम क्यू१ मध्ये. तिथला वेळ संपूनही काम उरलं तर क्यू२: तुकडा मोठा, पण पाळी उशिरा. ज्यांना मेमरीत जागा नाही ते ई१, ई२ मध्ये बाहेर ताटकळत. त्याहूनही लांब कामांसाठीची क्यू३ नंतर आली. लिन व्हीलरने लिहिलेला फेअर-शेअर शेड्युलर १९७६ मध्ये रिसोर्स मॅनेजर म्हणून बाजारात आला, आणि ‘प्रत्येकाचा न्याय्य वाटा’ ही कल्पना तिथून आजपर्यंत चालत आली आहे.

आता त्या माणसाच्या जागी लिनक्स सर्व्हर आहे आणि तो कधी डोकं खाजवत बसत नाही. व्हर्च्युअल सीपीयू रिकामा झाला तरी सीपी त्याला लगेच लिस्टमधून काढत नाही. ३०० मिलिसेकंद ‘टेस्ट आयडल’ अवस्थेत ठेवून वाट पाहतो. तेवढ्यात लिनक्स हमखास जागा होतो. जुन्या २.४ कर्नलमध्ये तर दर १० मिलिसेकंदांनी टायमरचा ठोका पडायचा, कामाचं असो वा नसो. शेकडो रिकामे गेस्ट नुसते ठोके मोजण्यात प्रोसेसर खायचे. मग मार्टिन श्विडेफ्स्की आणि मंडळींनी गरज पडेल तेव्हाच टायमर लावणारा पॅच केला, तेव्हा कुठे लिनक्स झोपायला शिकलं. तरीही चालतं सर्व्हर गेस्ट बहुतेक वेळ क्यू३ मध्येच दिसतं. तेव्हा क्यूच्या आकड्यावरून आम्हाला काही कळणार नाही, तो विषय बंद.

जाता जाता: पाचही गेस्टना ‘क्विकडीएसपी’ लावलेलं आहे, टेस्टलासुद्धा! हा पर्याय बाहेरच्या यादीत थांबणं टाळण्यासाठी होता. त्याने प्रोसेसरचा एक मिलिसेकंदही जास्त मिळत नाही. कुणीतरी कुठलीतरी जुनी चेकलिस्ट डोळे मिटून चालवलेली दिसते.

१३ फेब्रुवारी

परफॉर्मन्स टूलकिट या झेड/व्हीएमच्या मोजमापाच्या साधनातून जानेवारीअखेरच्या रात्रीची नोंद काढली. गेस्ट कशासाठी थांबला ते दाखवणाऱ्या यूस्टॅट स्क्रीनवर रिपोर्टच्या ओळीत ‘%सीपीयू’चा आकडा ‘%रन’च्या कितीतरी पट. ‘%रन’ म्हणजे प्रत्यक्ष चालू; ‘%सीपीयू’ म्हणजे काम तयार आहे, पण प्रोसेसर मिळत नाही. पेजिंगची वाट नगण्य, डिस्कची थोडी.

लिनक्सच्या आतूनही तेच. ‘टॉप’ कमांडमध्ये ‘एसटी’चा (स्टील, म्हणजे तयार असूनही बाहेर थांबण्यात गेलेल्या वेळेचा) रकाना रात्रभर फुगलेला. क्लायंटच्या ॲप टीमने हा रकाना पाहिलेलाच नव्हता. त्यांच्या डॅशबोर्डवर ‘यूझर’ आणि ‘सिस्टिम’ एवढेच दोन आलेख, आणि ते बुटके दिसतात म्हणून ‘सीपीयू तर रिकामा आहे’ हा निष्कर्ष. हा रकाना लिनक्समध्ये २.६.११ पासून आहे. त्याआधी गेस्टमधले सीपीयूचे आकडे बेभरवशाचे असायचे, कारण बाहेर थांबलेला वेळही आतल्या प्रोसेसच्या नावावर चढायचा.

आणखी एक गोष्ट दिसली, ती मात्र महत्त्वाची. रिपोर्टचे चार व्हर्च्युअल सीपीयू आहेत, पण रात्रभर दमला तो एकच. बाकी तीन बसून. रिपोर्ट एकाच थ्रेडवर चालतो.

१४ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी. मूळ दुखणं इथे आहे.

‘सेट शेअर’ने दिलेला शेअर गेस्टचा असतो, व्हर्च्युअल सीपीयूचा नसतो. सीपी तो चालू असलेल्या सगळ्या व्हर्च्युअल सीपीयूंत सारखा वाटतो. रिलेटिव्ह १०० आणि चार सीपीयू म्हणजे प्रत्येकी २५. त्यांतले तीन बसून असले तरी त्यांचे ७५ चौथ्याला मिळत नाहीत. दोन सीपीयू होते तेव्हा राबणाऱ्या एकाकडे ५० होते. डिसेंबरात ‘वाढवून’ दिल्यावर २५ राहिले. सहा केले तर १६ आणि काही अपूर्णांक.

हे प्रत्यक्ष प्रोसेसरमध्ये किती? डीबीचे ४०% ॲब्सोल्यूट बाजूला काढायचे. उरलेले ६०% रिलेटिव्हवाल्यांत, पण डिस्पॅच लिस्टमध्ये जे हजर आहेत त्यांच्यातच. गर्दीच्या रात्री सगळे कामात आहेत असं धरलं तर ॲप१चे २००, ॲप२चे २००, टेस्टचे १०० आणि रिपोर्टच्या एकट्या सीपीयूचे २५, बेरीज ५२५. रिपोर्टला ६०% चा २५/५२५ एवढा भाग, म्हणजे २.८६%. हे चार प्रोसेसरचे टक्के. एका प्रोसेसरच्या भाषेत ११.४%. डिसेंबरआधीच्या मांडणीत हाच हिशेब ५०/५५० धरून २१.८% येतो.

दुप्पट सीपीयू दिले आणि वेग जवळजवळ निम्मा झाला. आणि याच गणितात टेस्टला ४५.७% मिळतात! डेव्हलपर मंडळी त्या रात्री लोड टेस्ट लावत असतील तर रिपोर्टच्या चौपट प्रोसेसर त्यांच्याकडे.

मुलाने हिशेब दोनदा तपासला. “म्हणजे क्लाउडवर सीपीयू वाढवले की ताकद वाढते, आणि इथे वाढवले की पातळ होते?” पातळ होते हे बरोबर, पण गर्दी असतानाच. मोकळ्या वेळी चारही पूर्ण वेगाने धावतील. म्हणूनच डिसेंबरात बदल केल्यावर दुपारच्या चाचणीत सगळं छान दिसलं असणार.

टीसीपीआयपी मशीनला रिलेटिव्ह ३००० आहे, ती वरच्या गणितात धरलेली नाही. आकडा भीतिदायक, पण तिची भूक फार थोडी; जे ती वापरत नाही ते दुसऱ्यांच्या कामी येतं. तिला धरून दशांश बदलतील, निष्कर्ष नाही.

१७ फेब्रुवारी

परवानगी घेऊन शांत वेळेत प्रयोग केला. सगळ्या गेस्टमध्ये नुसती फिरणारी लूप, रिपोर्टमध्ये एकच. एका प्रोसेसरच्या दहाव्या भागाच्या आसपास रिपोर्ट अडकला, म्हणजे कागदावरच्या आकड्याच्या शेजारीच. मग रिपोर्टच्या लिनक्समध्ये ‘सीएचसीपीयू’ने दोन सीपीयू ऑफलाइन केले. लिनक्सने ऑफलाइन केलेला व्हर्च्युअल सीपीयू थांबलेल्या अवस्थेत जातो, आणि थांबलेल्याला सीपी वाटा देत नाही. पुढच्याच नमुन्यात रिपोर्टचा आकडा दुपटीकडे सरकला. सेटिंगला हात नाही, रीबूट नाही.

क्लायंटच्या माणसाला स्क्रीन शेअर करून हे दाखवलं. दोन सीपीयू काढले आणि काम वेगाने चालायला लागलं! तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, पुन्हा एकदा करून दाखवा.

२१ फेब्रुवारी

आनंद फार टिकला नाही. प्रयोगात ११.४% च्या आसपास आले, पण जानेवारीअखेरच्या रात्रीचा लॉग पाहिला तर रिपोर्टला त्याहूनही बरंच कमी मिळालं होतं. गणित बरोबर असेल तर उरलेलं गेलं कुठे?

एक मजला खाली. आमचा झेड/व्हीएम स्वतःच एका एलपारमध्ये आहे आणि त्याला प्रोसेसर वाटतं पीआर/एसएम, म्हणजे मशीनचाच हायपरव्हायजर. मशीनवर सामायिक आयएफएल ५. आमचं वजन ५२०, शेजारच्या एलपारचं ४८०. म्हणजे आमचा हक्क ५ गुणिले ०.५२, बरोबर २.६ आयएफएल. लॉजिकल प्रोसेसर चार दिसतात, ते शेजारी झोपलेला असेपर्यंतच. शेजाऱ्याचीही महिनाअखेर त्याच रात्री असते.

टूलकिटच्या पीआरसीलॉग स्क्रीनवर (प्रोसेसरच्या नोंदी) हे उघड दिसतं. चारांपैकी दोन लॉजिकल प्रोसेसर व्हर्टिकल हाय, म्हणजे अख्खा प्रत्यक्ष प्रोसेसर हक्काचा. एक व्हर्टिकल मीडियम, हक्क ६०%. चौथा व्हर्टिकल लो, हक्क शून्य, शेजाऱ्याचं उरलं तरच काही मिळणार. शेजारी जोरात असला की झेड/व्हीएम चौथ्याला पार्क करून ठेवतो, म्हणजे त्यावर काम टाकत नाही. हे हायपरडिस्पॅच, झेड/व्हीएममध्ये ६.३ आवृत्तीपासून. त्यामागचा विचार मला पटतो: मिळणारच नाही अशा प्रोसेसरवर काम पसरून कॅशे गार करण्यापेक्षा थोड्याच प्रोसेसरवर काम एकवटलेलं बरं.

पण आमच्या टक्क्यांचा पाया त्यामुळे सरकतो. रिपोर्टचे २.८६% आता ४०० पैकी नाहीत, २६० पैकी आहेत. एका प्रोसेसरचे ७.४%. डीबीच्या माणसांना ‘ॲब्सोल्यूट ४०%’ म्हणजे १.६ प्रोसेसरची हमी वाटत होती. त्या रात्री ते १.०४ असतात. नावात ॲब्सोल्यूट असलं तरी तो आकडा एलपारला जे मिळेल त्याचाच भाग.

वरचा शेड्युलर आपल्या परीने न्याय करतो, खालचा आपल्या परीने. दोघे एकमेकांचं फारसं विचारत नाहीत. खाली पीआर/एसएमने आमचा लॉजिकल प्रोसेसर काढून घेतला, तर त्यावर चढलेला व्हर्च्युअल सीपीयू बिचारा कुलूप (सामायिक डेटावरचा लॉक) हातात धरून अधांतरी, आणि त्याच गेस्टमधले त्याचे भाऊबंद त्या कुलपासाठी ताटकळत. यासाठी एस/३९० म्हणजे मेनफ्रेमवरच्या लिनक्समध्ये डायग्नोज ९सी आहे: लिनक्स हायपरव्हायजरला सांगतं की माझी पाळी राहू दे, ज्याच्याकडे कुलूप आहे त्या अमुक सीपीयूला चढव. सुंदर कल्पना. एकच थ्रेड असलेल्या रिपोर्टला मात्र तिचा काही उपयोग नाही.

२३ फेब्रुवारी

प्रस्ताव पाठवला.

रिपोर्ट परत २ व्हर्च्युअल सीपीयूंवर, डिरेक्टरीतच (गेस्टच्या कायमच्या व्याख्येतच) बदल, म्हणजे पुढच्या लॉगऑननंतर कायम. शेअर रिलेटिव्ह २००. डीबी ॲब्सोल्यूटवरून रिलेटिव्ह ४०० वर. टेस्ट रिलेटिव्ह ५०. ॲप जसे आहेत तसे. गर्दीत बेरीज: ४००, २००, २००, रिपोर्टच्या राबत्या सीपीयूचे १००, टेस्टचे ५०, एकूण ९५०. रिपोर्टला १०.५%, आणि २.६ प्रोसेसरवर ते एका प्रोसेसरचे २७.४% होतात. ७.४ वरून २७.४. डीबीला साधारण १.०९ प्रोसेसर, म्हणजे सध्याच्या १.०४ पेक्षा तसूभर जास्तच. हे सगळं येतं टेस्टच्या ताटातून आणि थोडं ॲपच्या.

डीबी रिलेटिव्हवर आणण्याला त्यांच्या डीबीएचा विरोध अपेक्षितच होता. माझा मुद्दा असा की ॲब्सोल्यूट असलेला एकटाच गेस्ट असला की नवीन गेस्ट आल्यावर कपात फक्त रिलेटिव्हवाल्यांची होते, आणि उद्या दुसऱ्यानेही ॲब्सोल्यूट मागितलं की बेरीज जुळवणं ही कायमची कटकट होऊन बसते. सगळे एका मापात असले की कागदावर हिशेब मांडता येतो.

टेस्टवर ‘लिमिटहार्ड’ घालण्याची सूचना क्लायंटकडूनच आली. मी नको म्हटलं. हार्ड लिमिट प्रोसेसर मोकळा असतानाही अडवतं. दिवसा डेव्हलपर उगाच लिमिट लिस्टमध्ये लटकत राहतील. शेअर ५० पुरेसा आहे. हार्ड लिमिट लागतं ते लायसन्स मोजून विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरला, आणि तिथेही एकेका गेस्टपेक्षा ‘डिफाइन सीपीयूपूल’ने गटाला मिळून मर्यादा घालणं सोयीचं.

‘क्विकडीएसपी’ डीबी सोडून इतरांवरून काढायचं. याने वेग बदलणार नाही. निदान पुढच्या माणसाची दिशाभूल तरी होणार नाही.

२७ फेब्रुवारी

मंजुरी आली, एक अट घालून: डीबी महिनाभर ॲब्सोल्यूट ४०% वरच राहू द्या. ठीक. त्याने गणित असं होतं: ६०% मधून १००/५५०, म्हणजे १०.९%, आणि २.६ प्रोसेसरवर २८.४%. रिपोर्टला किंचित जास्तच! प्रस्तावात डीबीला ४२.१% गेले असते, आता ४०% च जातात, त्यामुळे. वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शेअरचे बदल चालू मशीनवर लगेच लागू. रिपोर्टचा गेस्ट रात्रीच्या खिडकीत लॉगऑफ-लॉगऑन करून घेतला.

१ मार्च

क्लायंटकडची २८ची रात्र म्हणजे आपली आजची सकाळ. सकाळी लवकर बसलो. अपेक्षेप्रमाणे शेजारी जोरात, आमचा चौथा प्रोसेसर पार्क. रिपोर्टचा ‘%सीपीयू’ उतरलेला, पण शून्य नाही, आणि तो शून्य होणारही नव्हता. हिशेबापेक्षा रिपोर्टला प्रत्यक्षात जास्तच मिळत होतं, कारण ॲप१ आणि ॲप२ आपला पूर्ण वाटा घेत नव्हते. हिशेब सगळे तुटून पडलेत असं धरून केलेला. रात्रभर कोणी तसं तुटून पडत नाही.

रिपोर्ट वेळेत संपला. डीबीएकडून काही निरोप नाही, म्हणजे सगळं बरं आहे.

८ मार्च

काल धुळवडीची सुट्टी, त्यामुळे आढावा आज.

रिपोर्टच्या रात्रीचा यूस्टॅट पुन्हा वाचला. आता सगळ्यात मोठा रकाना ‘%आयओडब्ल्यू’, म्हणजे डिस्कची वाट. प्रोसेसरची अडवणूक सुटली तशी मागची डिस्कची रांग पुढे आली. ते काम शेअरने होणारं नाही, स्टोरेज टीमकडे तिकीट टाकलं आहे.

शिल्लक गोष्टी: डीबी रिलेटिव्हवर नेण्याचा निर्णय मार्चअखेरच्या रात्रीनंतर. एलपारचं वजन ५२० वरून वाढवायचं का हा प्रश्न क्लायंटच्या वरच्या लोकांचा. वाढवलं तर तेवढंच शेजाऱ्याचं घटणार, तेव्हा त्यांनाही बोलावून घ्यावं असं लिहून दिलं. गेस्टला नवीन व्हर्च्युअल सीपीयू मागण्याच्या फॉर्मवर दोन प्रश्न वाढवले आहेत: काम किती थ्रेडवर चालतं, आणि महिनाअखेरच्या रात्री ‘एसटी’ किती दिसतो. पहिला फॉर्म आज आला, टेस्टसाठी आठ सीपीयू. दोन्ही रकाने कोरे. परत पाठवला.